पुढच्या सीटसाठी नवस

आयुष्यात मी एकच नवस बोललो, आणि एलियाहू हन्नाबीनं, आम्हा बेने इस्राएलांच्या प्रेषितानं, तो ऐकला नाही, हे त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत. नवस असा होता, की माझ्या बारा वर्षांच्या मुलाला एका चोरानं आपल्या हाताखाली घ्यावं. तो चोर आहे हे मला अर्थातच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक व्हायला हवं होतं, असं कोणी म्हणालं तर ते बरोबरच आहे. जे काही दिसायचं होतं ते तीन महिने रोज माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. मी ते टक लावून पाहिलं, जवळजवळ पाठ केलं, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ नेमका उलटा लावला.

साल त्रेसष्ट. मुंबईहून इस्राएलला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं होतं. अश्केलोनमध्ये सरकारनं आम्हाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या दिल्या, आणि समोरच्या दोन खोल्या नेमक्या अशा माणसाला दिल्या, ज्याला मी ठाण्यापासून ओळखत होतो. तिथे तो गिरणीत फिटर, मी गोदीत क्लार्क. त्याचे अर्ज मी लिहून द्यायचो आणि तो मला ‘साहेब’ म्हणायचा. इथे आल्यावर पारडं फिरलं. या देशाला फिटर हवे होते. इंग्रजीत सुवाच्य अक्षर काढणारे क्लार्क कोणालाच नको होते. त्याला पाइपांच्या कारखान्यात काम लागलं. मला रस्त्याच्या कडेनं निलगिरीची रोपं लावायला मिळाली. ‘साहेब’ तो अजूनही म्हणायचा, पण म्हणताना माझ्या कुदळीकडे बघायचा.

त्याच्याकडे फ्रीज आला तेव्हा आमच्याकडे बर्फाची लादी येत होती. मी गप्प बसलो. रेडिओ आला, तेव्हाही गप्प बसलो. आवाज आमच्या घरात ऐकू येत होता, तेवढाच फायदा. पण पेसाहच्या सणाला महिना होता आणि त्याच्या मुलाच्या मनगटावर घड्याळ आलं. तिथे माझा तोल गेला.

मुलगा तेरा वर्षांचा. आमच्या पोरांत सगळ्यात बडबड्या, आणि इमारतीमागच्या वाळूत फळकुटाच्या बॅटीनं जे क्रिकेट चालायचं त्यातला पहिला बोलर. त्याला म्हणे काम मिळालं होतं. शाळा सुटल्यावर दोन तास. एक गृहस्थ यायचे, पांढऱ्या शर्टातले, गोड बोलणारे. त्यांचं टेंडर होतं, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली छोटी मोटार. ते गावोगावचं मोडकं सामान गोळा करायचे, आणि हा मुलगा त्यांना मदत करायचा. बसायचा कुठे? हौद्यात नव्हे. पुढच्या सीटवर, काचेआड, मालकाच्या शेजारी! मी चारला बर्फाची लादी खांद्यावर टाकून पायी घरी येत असताना ते टेंडर माझ्यावर धूळ उडवत जायचं, आणि आत काळा चष्मा लावलेला तो कारटा.

माझं काम एक वाजता संपायचं. दोन ते चार अख्खं गाव दारं-खिडक्या लावून झोपतं. त्या वेळात रस्त्यावर कुत्रंही भुंकत नाही. बायको तेव्हा संत्र्यांच्या पॅकिंगला जायची. समोरचा फिटर आणि त्याची बायको दोघंही कामावर असायची. मोठ्यांत मी एकटाच घरी; बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचो आणि जळायचो. जळण्याला आता नियमित वेळच ठरली होती.

दोनला खालून भोंगा वाजायचा, दोनदा, आखूड. की समोरचं दार उघडलंच. एकदा तो पोरगा हातात अर्धी चपाती घेऊन जिना उतरला आणि खाली पोचेपर्यंत ती त्यानं झुडपात टाकली. मी मनात म्हटलं, काय शिस्त आहे! आमचा चिरंजीव जेवायला चार हाका मारल्याशिवाय उठत नाही.

“बघ त्याच्याकडे,” मी मुलाला म्हणायचो. “तुझ्याहून एकच वर्षानं मोठा. मनगटावर घड्याळ आहे.”

मुलगा पुस्तकातून मान वर न करता हिब्रूत म्हणायचा, “मला वेळ कळते, अब्बा.”

“कशी कळते?”

“तुम्ही ओरडायला लागलात की दोन वाजलेले असतात.”

दोनला आमच्या पोराच्या खालच्या वर्गाची शाळा सुटलेली असायची, वरच्या वर्गाची नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं, आणि मी समजलो की हुशार मुलांना लवकर सोडत असतील. त्याचं दप्तर सपाट झालं होतं; मला वाटलं, त्याला पुस्तकांची गरज उरली नाही. तो क्रिकेटला येईनासा झाला. वाटलं, पोक्त झाला. जिन्यात भेटला तर “शालोम काका” म्हणून पुढे शाळेतल्या मास्तरांच्या नकला करणारा मुलगा आता भिंतीला अंग घासत निघून जायचा, आणि मी बायकोला म्हणायचो, “मोठ्या माणसांत वावरला की असा भारदस्तपणा येतो.”

“भारदस्तपणा?” ती म्हणायची. “मला तर ते पोर आजारी वाटतं.”

“तुला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही,” मी म्हणायचो. मी!

एकदा शर्टाची बाही वर गेली तेव्हा त्याच्या दंडावर निळे वळ दिसले, चार बोटांचे चार. मी त्याचं खापर सामान उचलण्यावर फोडलं. एकदा फिटरनं मला शाळेतून आलेली चिठ्ठी दाखवली. हिब्रूत, वळणदार हातानं लिहिलेली. त्याला हिब्रू वाचता येत नव्हतं, म्हणून अशा चिठ्ठ्या मुलगाच वाचून दाखवायचा. “बाई लिहितात, प्रगती चांगली आहे,” फिटर छाती फुगवून म्हणाला. “तिसरी चिठ्ठी आहे ही, साहेब. वाचा ना तुम्ही!” छापील अक्षरं मी अडखळत वाचायचो, हातानं लिहिलेलं मला लागत नव्हतं. पण ते कबूल कोण करणार? आणि लागलं असतं तरी दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक वाचायची मला हौस नव्हती. मी डोळे बारीक करून चिठ्ठी दोनदा वरखाली केली, आणि म्हटलं, “छान आहे.”

शेवटी माझ्या मुलानं तर सरळ सांगितलं. भात कालवता कालवता म्हणाला, “तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन ओकतो. भोंगा वाजायच्या आधी. रोज.”

“उन्हानं होतं,” मी म्हणालो.

“तो भोंगा वाजायच्या आधी ओकतो, अब्बा.”

“मग तू टोपी घालत जा.”

असा हा माणूस त्याच आठवड्यात नवस बोलला. आमच्या बेने इस्राएलांत एलियाहू हन्नाबीला नवस बोलतात आणि तो पावला की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची. वर फळं, आणि मिळालं तर गुलाबाचं फूल. ताट मध्ये ठेवून सगळे मिळून प्रार्थना म्हणतात आणि मग ओंजळीत घेऊन खातात. मी बाल्कनीतच डोळे मिटून बोललो, ‘माझ्या पोराला त्या टेंडरच्या पुढच्या सीटवर जागा मिळू दे, मी मलिदा करीन.’ पोहे इथे मिळत नसत. मुंबईहून आणलेले शेरभर पोहे बायकोनं मुलाच्या बार मिट्सवासाठी, तेराव्या वर्षाच्या धर्मविधीसाठी, डब्यात जपून ठेवले होते. तेही मी मनातल्या मनात वाहून टाकले.

पण नुसत्या नवसावर विसंबून राहणारा मी नव्हे. गोदीत पंधरा वर्षं काढलेला माणूस. मी रीतसर अर्ज केला. चांगल्या कागदावर, इंग्रजीत. माझा मुलगा प्रामाणिक आहे, आज्ञाधारक आहे, अंगानं लहानखुरा असला तरी काटक आहे. आपण संधी दिल्यास आपला आजन्म ऋणी राहीन. खाली दोन ओळी सोडून लफ्फेदार सही. दुसऱ्या दिवशी दोनला मी स्वतः खाली उतरलो आणि टेंडरच्या खिडकीतून तो अर्ज दिला.

गृहस्थांना इंग्रजी येत नसावं. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा, मग हसून समोरच्या कप्प्यात टाकला. हिब्रूत विचारलं, “दुपारी घरी कोण असतं?”

“मी असतो,” म्हणालो. मग वाटलं हे बरं दिसत नाही. “पण झोपलेला असतो.”

“आई शाळेत चौकशीला जाते का?”

“छे! तिला वेळ कुठे आहे?”

“अंगानं केवढा आहे?”

आणि मी, जन्मदाता बाप, दोन्ही हात जवळ आणून दाखवत अभिमानानं म्हणालो, “एवढासा! कुंपणाच्या फटीतून जाईल.”

ते मनापासून हसले. “बघू,” म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या फिटरच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्याआडचे डोळे दिसत नव्हते, पण त्यानं मान हलवली. नाही नाही, अशी. मला वाटलं, बघा, जागा वाटून घ्यायची नाही लेकाला! बापावरच गेलाय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मलिदा झाला खरा, पण समोरच्यांकडे. मुलाला काम लागलं म्हणून फिटरनं केला. आणि पोहे कोणाचे? आमचे. त्याची बायको डबा घेऊन आली, “वहिनी, तेवढे द्या, माझा भाऊ मुंबईहून येताना दुप्पट आणील,” आणि माझ्या बायकोनं दिले. दिले ते दिले, वर भिजवायला, कालवायलाही तीच गेली. मी त्या दिवशी जेवलोच नाही.

संध्याकाळी पाचला चटया अंथरून आम्ही वीसेक माणसं बसलो. त्या गृहस्थांना मानाची जागा, खिडकीजवळ. त्यांच्या एका बाजूला फिटरचा मुलगा, आणि दुसऱ्या बाजूला मी खटपट करून बसवलेला माझा मुलगा. प्रार्थना झाली. माझी बायको ताट घेऊन वाढायला उठली. पाहुण्यांना दिला, आणि मग फिटरच्या मुलानं पुढे केलेल्या ओंजळीत घातला.

बायको थबकली.

“काय रे बाळा,” ती मराठीत म्हणाली, “पितळ कुठलं घासतोस?”

त्याच्या बोटांच्या पेरांत आणि नखांच्या कडांना हिरवं होतं. ते हिरवं आमच्यापैकी प्रत्येकानं लहानपणी घरातल्या तपेल्यांवर पाहिलं होतं. कल्हई गेलेल्या पितळेवर कळंक चढतो, त्यात ठेवलेलं आंबट कळकतं, आणि चिंचेनं घासताना तो हातांना लागतो. पण पितळेची भांडी आम्ही सगळ्यांनी मुंबईलाच विकली होती. इथे कोणाच्याही घरात पितळ नव्हतं, जर्मनचं नि एनॅमलचं सगळं.

मुलानं झटक्यात हात मागे घेतले. मलिदा चटईवर सांडला. आणि त्यानं आईकडे पाहिलं नाही, बापाकडे पाहिलं नाही. त्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस हसतच होता. त्यानं गुडघ्यावर दोन बोटं टेकवली, दोनदा, आखूड. आणि मुलगा खाली वाकून चटईवरचा एकेक पोहा वेचू लागला. तेवढ्यात माणसानं दुसरा हात माझ्या मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि मला म्हणाला, “घेतो याला. रविवारपासून.”

नवस पावला होता! मी कृतज्ञतेनं हात जोडणार, एवढ्यात बायकोनं आमच्या मुलाला बखोटीला धरून उठवलं, मला डोळ्यांनीच उठवलं, आणि दोघांना स्वयंपाकघरात नेलं.

“अहो, त्याच्या हाताला पितळ आहे.”

“असेल. मोडकं सामान उचलतो.”

“मोडकं सामान महिन्यातून एकदा सापडतं. हे रोजचं आहे. रोज पितळ कुठून मिळतं?”

मी तोंड उघडलं. पण बोलला माझा मुलगा. “शेतांतून. पाण्याचे फवारे असतात ना, ते पितळेचे आहेत. सगळे झोपलेले असताना तो कुंपणाखालून जातो आणि पिळून काढतो. मोठा माणूस त्या फटीतून जात नाही.”

“आणि तू हे आजवर बोलला नाहीस?” मी विचारलं.

“तो म्हणाला, सांगितलंस तर तो माणूस त्याला मारेल. आणि तुम्ही म्हणालात, टोपी घाल.”

मी चुलीजवळच्या पाटावर बसलो. कुंपणाची फट. मी हातांनी माप दाखवलं होतं.

माझ्या बायकोला एक सवय आहे: मला रडू येतंय असं दिसलं की ती काम सांगते. “उठा. त्याच्या बापाला सांगा.”

बाहेर तो माणूस सगळ्यांचा निरोप घेऊन खाली गेला होता; फिटरच्या मुलाला “पाच मिनिटांत ये” सांगून. पाहुणे पांगत होते. मी फिटरला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि तो हसला.

“साहेब, फ्रीज आला तेव्हा तुम्ही आठ दिवस बोलला नाहीत. घड्याळ आलं तेव्हा म्हणालात नकली आहे. आज माझ्या घरी माझ्या मुलासाठी मलिदा आणि तुम्ही त्याला चोर म्हणता? जळता तुम्ही.”

आता काय करणार? खरं होतं. या माणसाजवळ माझी पत इतकी आटली होती, की मी आग लागली म्हणून ओरडलो असतो तरी तो म्हणाला असता, माझ्या दिव्यावर जळतोय.

खाली भोंगा वाजला. दोनदा. मुलगा दाराकडे निघाला.

“जळतो!” मी ओरडलो. इतका मोठ्यानं की तो दारातच थांबला. “फ्रीजवर जळतो, रेडिओवर जळतो, तुझ्या बायकोच्या माशाच्या कालवणावर जळतो!” माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं, त्याचं पुढे काय झालं ते वेगळं. “म्हणून तर सांगतोय. तू कामावर असतोस. तुझी बायको कामावर असते. तीन महिने तुझ्या मुलाकडे माझ्याएवढं कोणी पाहिलेलं नाही. घड्याळ आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं क्रिकेट सोडलं. पुढच्या मंगळवारी चपाती झुडपात टाकली. दोनला त्याचा वर्ग सुटत नाही, तो दोनला घरी असतो. निळ्या शर्टाची बाही वर गेली तेव्हा दंडावर चार बोटं होती, डाव्या. गेल्या महिन्यात टेंडर आलं नाही असे दोन दिवस होते. त्या दोन दिवशी त्यानं शीळ घातली जिन्यात. फक्त त्या दोन दिवशी. आणि ती चिठ्ठी मला वाचता आलेली नाही. छान आहे म्हणालो ते खोटं. त्यात काय आहे मला माहीत नाही. तुलाही नाही.”

फिटरनं मुलाकडे वळून पाहिलं. वाटत होतं, तो त्याला मारणार किंवा मला.

मुलगा खूप हळू म्हणाला, “बाबा, घड्याळ परत दिलं तर तो सोडेल का मला? मी विचारलं होतं. तो म्हणाला, आता नाही.”

भोंगा पुन्हा वाजला. फिटर गुडघ्यांवर बसला आणि मुलाच्या मनगटावरचं घड्याळ काढू लागला. एवढा मोठा फिटर, पाइपांचे आटे डोळे मिटून जुळवणारा. त्या चिमुकल्या बकलात त्याची बोटं चालेनात. भोंगा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझी बायको मलिद्याचं ताट कडेवर धरून बाल्कनीत गेली आणि तिच्या मोडक्या हिब्रूत खाली ओरडली, “तो जेवतोय!”

आणि आत येऊन तिनं खरोखरच त्याच्या ओंजळीत मलिदा घातला. त्यानं खाल्ला. टेंडर थोडा वेळ उभं होतं, मग गेलं.

दुसऱ्या दिवशी फिटरनं पाळी बुडवली. मुलाला घेऊन आम्ही दोघं आधी शाळेत गेलो. बाईंनी तीन चिठ्ठ्या लिहून कळवलं होतं की मुलगा वर्गात येत नाही, कोणी भेटायला का येत नाही? बाई आमच्याबरोबर पोलीस चौकीत आल्या, हे बरं झालं. कारण हवालदारानं पहिला प्रश्न मुलालाच केला, “किती चोरलेस?” आणि बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “हे त्या माणसाला विचारा. याला विचारा, घाबरलास का.” या देशात आल्यापासून माझ्या अक्षराला पहिल्यांदा काम मिळालं. पाहिलं ते सगळं मी वारांसकट लिहून दिलं, बाईंनी हिब्रू केलं. हवालदारानं विचारलं, इतकं बारीक कसं ठाऊक? मी खरं कारण सांगितलं. त्यानं नुसतं ‘शेजारी’ असं लिहिलं.

आठवड्यानं तो माणूस सापडला. टेंडरमध्ये गोणपाटाखाली फवारे होते, आणि दुसऱ्या दोन गावांतली दोन मुलं त्याच कामावर होती. समोरच्या कप्प्यात एक कागद होता. त्यासाठी मला पुन्हा बोलावणं आलं. हवालदार इथल्या इंग्रजी राजवटीपासून पोलिसात होता, त्याला इंग्रजी यायचं. त्यानं माझा अर्ज फिटरच्या आणि माझ्या बायकोच्या देखत मोठ्यानं वाचून दाखवला, अगदी ‘आजन्म ऋणी’पर्यंत. फिटर हसला नाही. त्याच्यावर मी आजवर जळलो त्या सगळ्याची भरपाई तिथे झाली असती, तरी तो हसला नाही. हसली माझी बायको, आणि मग एकदम रडायला लागली.

अर्ज तिनं मागून घेतला आणि पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवला. नवस पावला नव्हता, म्हणून मलिदा देणं लागत नव्हतो. पण ती म्हणाली, “नवस न ऐकल्याबद्दल करायचा.” फिटरच्या मेहुण्यानं सांगितल्याप्रमाणे दुप्पट पोहे आणले नाहीत, मुळीच आणले नाहीत. मग तांदूळ भिजवून, कुटून केला. मुलाचे हात फिटरच्या बायकोनं लिंबाच्या सालीनं आणि मिठानं रोज घासले होते; हिरवं गेलं होतं. नखांच्या कडा मात्र तो बराच काळ चावत राहिला, आणि कुठेही मोटारीचा भोंगा वाजला की हातातलं खाली ठेवायचा.

उन्हाळा संपता संपता तो वाळूतल्या क्रिकेटला परत आला. मी बाल्कनीत, फिटर समोरच्या बाल्कनीत. माझा मुलगा बॅटिंगला. फिटरच्या मुलानं चेंडू टाकायला धाव घेतली आणि रस्त्यावर कोणत्यातरी ट्रकचा भोंगा वाजला. तो मधेच थांबला. चेंडू हातात, मान वर, बापाच्या बाल्कनीकडे. फिटरनं नुसता हात वर केला. तो पुन्हा मागे गेला, पुन्हा धावत आला आणि पहिल्याच चेंडूवर माझ्या मुलाची दांडी उडवली. आमच्याकडे दांड्या म्हणून खोकी होती; ती तिन्ही पडली.

“पाहिलंत का, साहेब?” समोरून आवाज आला.

“वाऱ्यानं पडली,” मी म्हणालो, आणि खाली माझ्या मुलाला ओरडलो, “आणि तू बॅट सरळ का धरत नाहीस रे? बघ तो कसा...”

आतून, स्वयंपाकघरातून, अर्ज ठेवलेला तो पोह्यांचा डबा वाजला.